दोन नंबरच्या खोलीतलं काश्मीर

खोलीवाल्या आत्या दरवर्षी जुलैत चार दिवस प्रवासाला जात आणि त्या चार दिवसांत घराबाहेर पाऊल टाकत नसत. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप आणि ‘बाहेरगावी गेलो आहोत’ अशी खडूने लिहिलेली पाटी. आत, पर्यटकांसाठी ठेवलेल्या दोन नंबरच्या खोलीत, पाय पसरून बसलेल्या आत्या. हे गुपित फक्त मला ठाऊक होतं, कारण कुलूप मी लावत असे.

मी घाटावरची. मुरुडच्या शाळेत बदली झाली तेव्हा त्यांच्या माडीवर राहायला गेले. मला मागे कोणी नव्हतं आणि आत्यांचा एकुलता मुलगा, विकास, नवी मुंबईत उलव्याला ट्रकच्या धंद्यात होता. खाली दोन खोल्या त्या पर्यटकांना द्यायच्या. चादरी धुवायच्या, सुरमई तळायची, किल्ल्याकडची वाट सांगायची. पाहुणा निघाला की एकच विचारायच्या, “तुमच्याकडं आता थंडी हाय का हो?” पाहुण्याला वाटे, म्हातारी बोलायचं म्हणून बोलते. ती उत्तरं त्या वर्षानुवर्षं मनात साठवत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. स्वतः त्या कामाशिवाय अलिबागच्या पुढे गेल्या नव्हत्या.

पहिला प्रवास हौसेचा नव्हता. विकासने त्यांना काश्मीरला न्यायचं कबूल केलं होतं. आत्यांनी स्वेटर घेतला, बूट घेतले, साऱ्या आळीला सांगून झालं. निघायच्या दिवशी सकाळी त्या ओट्यावर बॅगेशेजारी बसल्या होत्या. मी शाळेला निघाले होते, इतक्यात विकासचा फोन आला. ट्रकला मोठं भाडं मिळालं होतं. “पुढच्या वर्षी नक्की, आई.”

आत्या “बरं” म्हणाल्या. फोन पदरात गुंडाळला. मग बॅग उचलून आत गेल्या आणि मला म्हणाल्या, “बाई, जाताना बाहेरून कुलूप लावा. मी गेलेय असंच समजू दे लोकांना.”

मी कुलूप लावलं. त्या दिवशी मागच्या दाराने भाकरी नेऊन दिली, ती त्यांनी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर त्या दोन नंबरच्या खोलीत सापडल्या. तिथला एसी फक्त पाहुण्यांसाठी असे. आत्यांनी तो स्वतःसाठी कधी लावला नव्हता. आज तो सोळावर होता. आत्या स्वेटर आणि बूट घालून खुर्चीत बसल्या होत्या, हातात दालचिनी-वेलची घातलेला बिनदुधाचा चहा. डोळे सुजलेले होते, पण मला बघून हसल्या.

“या बाई, पोचले एकदाची. दार लावा, थंडी बाहेर जाते.”

मी शाल घेऊन शेजारी बसले. एका पाहुण्याने त्यांना सांगितलं होतं, तिकडे पाण्यात घरं असतात. त्याचंच त्या तासभर बोलत होत्या.

पुढच्या वर्षी विकासचा फोन आला नाही आणि आत्यांनी वाटही पाहिली नाही. त्या आपणहून राजस्थानला निघाल्या. जुन्या बांधणीच्या साड्यांचे पडदे झाले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे गोळे भाजून तुपात बुडवले. तुपाचा खर्च सोडला तर बाकी सगळं घरचंच. नियम मात्र कडक होते. चादर धुवायची नाही, भांडं घासायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. पाहुण्यांच्या नोंदवहीत त्या स्वतःचं नाव लिहीत; ‘कुठून आलात’पुढे ‘मुरुड’ आणि ‘येण्याचे कारण’पुढे ‘आराम’. मी एकदा केरळ सुचवलं, तर म्हणाल्या, “ते कशाला? माड, मासे नि पाऊस बघायला वेगळे पडदे लावू?”

कधीकधी मात्र बोलता बोलता त्या थांबत. “फिरायला जोडीनं जायचं असतं, बाई,” असं म्हणत आणि समोरच्या रिकाम्या पलंगावरची न विस्कटलेली चादर पुन्हा नीट करत. यजमान जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

तिसऱ्या वर्षी सिमल्याचा बेत होता. रविवार असल्याने मीही खालीच होते. दुपारी दारात गाडी थांबली आणि विकासचा आवाज आला. “आई!” बायको-मुलाला घेऊन तो किनाऱ्यावरच्या कुठल्याशा रिसॉर्टला निघाला होता, वाटेत डोकावला. आत्या ताडकन उठल्या. मागच्या दारापर्यंत गेल्या, कडीवर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

बाहेर शेजारच्या घरातल्या खालाजानचा आवाज आला. “तुझी आई सिमल्याला गेली हाय. तुला म्हाईत न्हाय?”

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. सिमल्याचं आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. पण खालाजानच्या परड्यातून आमचं मागचं दार दिसे आणि आमचं बोलणंही तिथं ऐकू जाई.

आत्यांचा फोन वाजला. वाऱ्यासारखा आवाज जावा म्हणून त्यांनी तो एसीजवळ जाऊन घेतला. “व्हय रे, सिमल्याला. बाईंबरोबर… सांगितलं न्हाय, कारण सांगितलं असतं तर तू येतो म्हणाला असतास.”

त्यांनी फोन ठेवला. मग गाडी सुरू झाली. आत्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. “नातू केवढा उंच झालाय,” एवढंच बोलल्या. मग खाली बसल्या आणि मला विचारलं, “बाई, दार उघडायला हवं होतं का हो?”

संध्याकाळी खालाजान मागच्या दाराने वाफाळती सांदणं ठेवून गेली. “सफरीत भूक लागते,” म्हणाली. पुढे आठवडाभर आळीतलं जो तो आत्यांना विचारत होता, “सिमला कसं होतं?” आणि कोणीही हसत नव्हतं.

त्यानंतर विकास दर रविवारी फोन करू लागला. गुडघे फारच धरले तेव्हा आत्यांना उलव्याला न्यायचंही ठरलं. त्याच सुमारास माझी बदली श्रीवर्धनला झाली. मी निघाले त्या दिवशी आत्या म्हणाल्या, “दिघीपर्यंत येते सोबत.” आगरदांड्याच्या धक्क्यावर आम्ही खाडीपलीकडे दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत चढलो. गुडघे दुखत असूनही त्या बसल्या नाहीत, कठड्याला धरून मागचा किनारा बघत राहिल्या.

“लांबून बरा दिसतो की आपला किनारा,” त्या म्हणाल्या. “उगाच एवढी वर्षं जवळून बघितला.”

दिघीला मी सामान उतरवलं. त्या उतरल्या नाहीत. त्याच बोटीने परत जाणार होत्या. मी वाकून नमस्कार केला तेव्हा माझ्या हातात खाऊची पुडी ठेवून म्हणाल्या, “तिकडं एकट्या जेवू नका. कुणाला तरी हाक मारा.”

बोट वळली. मी धक्क्यावर उभी राहून हात हलवत राहिले, पण आत्यांचं लक्ष नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला त्या काहीतरी विचारत होत्या, बहुधा तिच्याकडच्या थंडीचं.