खिडक्या लावून रंगवलेली दारं

शी! ह्या हवेला लोक छान म्हणतात. रात्री वाळत टाकलेला टॉवेल सकाळी तसाच ओला, वर त्याला कुबट वास. बरणीतल्या मिठाचा गोळा. कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी. पुसावी तर चार दिवसांत निर्लज्जासारखी परत हजर. आणि खालची दूधवाली अर्ध्या बाह्यांत हिंडत मला म्हणते, "काय छान हवा पडलीय ना, वहिनी!" डोंबलाची छान! माझं नाक नळासारखं वाहतंय आणि हिला वसंत सुचतोय.

दक्षिण सोडून इकडे उत्तरेत आलो ते वसंतातल्या अशाच दिवसांत. आमचे हे रंगारी. तिकडे गावात अर्ध्याअधिक दारांवर ह्यांचाच हात फिरलेला, पण कामं आटली, म्हणून इथल्या ठेकेदाराकडे लागले. महिन्याभरात बाकीच्या रंगाऱ्यांनी ह्यांना नाव ठेवलं, उन्हाळेकाका. का, तर जेवणाच्या सुट्टीत हे भिंतीवर उन्हाचा तुकडा शोधायचे आणि त्याला पाठ लावून उभे राहायचे. ऊन सरकलं की डबा हातात घेऊन हेही सरकायचे. तरी स्वेटर म्हणून अंगाला लावतील तर शपथ. "टोचतो गं. मेंढी अंगावर घेऊन भिंती रंगवू काय?" म्हणजे थंडीला शिव्याही घालायच्या आणि कुडकुडतही राहायचं. हट्टाला औषध नाही.

मधला उन्हाळा बरा गेला. वाटलं, रुळलो. कसले रुळतोय! झाडांची पानं पिवळी पडायला लागली आणि तोच घाणेरडा गारठा मागच्या दाराने पुन्हा घरात.

त्याच सुमाराला ठेकेदार ह्यांना म्हणाला, "काका, पुढे हिवाळा. मला एकच माणूस ठेवता येईल. चढावरच्या आजींच्या घरातली सगळी दारं तुम्ही करा. काम नीट उतरलं तर तुम्ही पक्के."

नाही उतरलं तर काय, ते त्याने सांगायची गरज नव्हती. बोचकी बांधून थोरल्या दिरांच्या दारात. तिथे जाऊबाई. निघताना त्या म्हणाल्या होत्या, "चार दिवसांत परत याल." मी म्हटलं होतं, "आले तर तुमच्या उंबऱ्यावर नाक घासीन." माझ्या जिभेला हाड नाही, काय करू?

रंग द्यायच्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन त्या घरी गेले. बघते तर ह्यांनी खिडक्या एकजात लावून घेतलेल्या, फटींत चिंध्या कोंबलेल्या. ऑइल पेंटच्या वासाने डोळ्यांना धार लागली.

"बोटं आखडतात गारठ्यात," हे म्हणाले. "ब्रश सरळ चालत नाही."

"बरं केलंत. उबदार तरी आहे," मी म्हटलं.

ह्यांनी दाराला बोटाची मागची बाजू लावून पाहिली. चिकटलं नाही. तिकडे इतकं पाहिलं की पुरे. सकाळी रंगाचा पहिला हात, जेवून दुसरा, दिवेलागणीला दार कोरडं ठणठणीत. ह्यांनी तसंच केलं. निघताना वाऱ्याने आपटून रंग खरचटू नये म्हणून दारं घट्ट ओढून घेतली. आजींनीही झोपताना आपल्या खोलीचं दार लावलं.

सकाळी हे पोचले तर आतून आरडाओरडा. "अहो पेंटर, मला कोंडून मारायचंय का?" दार चौकटीला चिकटून बसलेलं! ह्यांनी खांदा लावून ढकललं तेव्हा रंगाच्या पट्ट्याच्या पट्ट्या सोलून निघाल्या. बाकीच्या दारांवर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. वरून सुकलेलं, आत सगळं ओलंगिच्च.

ठेकेदाराने दाराला अंगठा लावला, तो रंगाने माखला. चिंधीला पुसत म्हणाला, "काका, इथे दिवसाला एकच हात. आणि खिडक्या सताड उघड्या. सगळं खरवडून पुन्हा करा. मी पुढच्या आठवड्यात बघायला येतो." पक्क्याचं नावही काढलं नाही.

हे घरी आले ते भिंतीकडे तोंड करून बसले. चहा पुढे ठेवला, त्यावर साय धरली. तिच्याकडे बघून ह्यांनी कपच बाजूला सारला. मग एकदम म्हणाले, "तुझा तो जाडा स्वेटर दे."

"माझा? अहो, त्याच्या खिशावर फूल आहे."

"असू दे."

मी परत डबा घेऊन गेले तेव्हा त्या घरातून वारा नुसता पिसाटासारखा आरपार चाललेला. आजी स्वयंपाकघरात पांघरूण घेऊन बसलेल्या. आणि आमचे हे माझ्या स्वेटरात, बाह्या कोपरापर्यंत आखडलेल्या, पॉलिश पेपरने दार घासतायत. नाकाला धार लागलेली, ती माझ्याच बाहीला पुसतायत. शी शी शी! मला किळस आली आणि रडूही आलं. डबा ठेवून मी निघून आले.

ठेकेदार आला त्या दिवशी मी घरात नुसत्या येरझारा घालत होते. हे आले, दारातच म्हणाले, "प्रत्येक दार उघडून-लावून पाहिलं त्याने. पक्के झालो."

मी देवाला हात जोडले. चहाला आधण ठेवलं. नाक घासायचं टळलं, बाई!

हे खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि ह्यांनी नाक मुरडलं. "काय कोंदट आहे गं इथे!" मी वसंतापासून फटींत कोंबलेल्या चिंध्या ह्यांनी एकेक उपटल्या आणि खिडकी सताड उघडली. भस्सकन गारठा आत.

"अहो! माझा स्वेटर तरी द्या!"

ह्यांनी खाली बघितलं. पुढून सगळा रंगाने माखलेला, फूल कुठे गेलं तेही कळेना. "हा आता माझ्या कामाचा," म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आजवर मनात धरून होते, की आपण इथे थोड्या दिवसांचे. नोकरी पक्की झाली म्हणजे हा ओला टॉवेल, ही बुरशी, हा गारठा, सगळंच पक्कं झालं. मी अंगावर रजई ओढून घेतली.

खाली दूधवाली होती वाटतं. आमचे उन्हाळेकाका खिडकीतून ओणवे होऊन तिला सांगत होते, "काय छान हवा पडलीय!"