चाचणीचं पान

विनिता तळवडेकरच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये पहिला प्रवेश तिच्या वडिलांचा असे. आत्माराम वसई पूर्वेच्या ज्या कारखान्यात धातूचे भाग ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर होते, त्याच कारखान्याच्या ऑफिसात बसून ती जावामध्ये कागद छापणारे प्रोग्राम लिही. पगाराची स्लिप, रजेचं कार्ड, गेटपास. मजकुराचा साचा एकदा बांधला की रिकाम्या जागी यादीतली नावं आपोआप जाऊन बसत आणि प्रिंटरमधून पानं सरसर बाहेर पडत. आत्माराम पांडुरंग तळवडेकर हे कारखान्यातलं सगळ्यात लांबलचक नाव. ते चौकटीत मावलं की बाकी सगळी मावणार. म्हणून चाचणीचं पान नेहमी त्यांच्या नावाचं.

"आज काय झालो गं मी?" तुळिंजच्या चाळीत घरी आल्यावर ते विचारत.

"आज तुम्ही गेटपास झालात, बाबा."

समोरच्या खोलीतले श्रीपतकाका त्याच प्रेस खात्यातले. ते दारातूनच ओरडत, "आत्म्या, पोरीनं तुला मॅनेजर छापलं की सांग हां! पेढे माझ्याकडून."

२००३ च्या मार्चमध्ये पर्सनल खात्याच्या साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि विनिताला नवा मजकूर दिला. 'आपली सेवा संपुष्टात येत आहे.' सोबत प्रेस खात्यातल्या अर्ध्या माणसांची यादी. यादीत श्रीपतकाका होते, वडील नव्हते. तिला हायसं वाटायला हवं होतं, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. तिने साचा बांधला, समास नीट केला. चाचणीसाठी हात सवयीनं वडिलांच्या नावाकडे गेला. नाव मावलं. ते पान तिने केराच्या टोपलीत टाकलं, पण कॉम्प्युटरवरच्या यादीत घातलेली त्यांच्या नावाची ओळ पुसायची राहून गेली. सगळा गठ्ठा छापून झाला, साहेबांनी न वाचता भराभर सह्या केल्या.

शनिवारी शिफ्ट सुटताना पत्रं वाटली गेली. विनिता घरी आली तेव्हा आत्माराम चपलांसकट खाटेवर बसले होते.

"छान छापलंयस," ते म्हणाले. "अगदी सरळ ओळीत."

तिने पत्र पाहिलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं. "बाबा, ही माझी चूक आहे. तुमचं नाव यादीत नव्हतंच. मी चाचणीसाठी घातलं होतं."

"मग मी कामावर आहे?"

"आहात. सोमवारी मी सांगते साहेबांना."

ते नुसती मान हलवत राहिले. नाटक संपून दिवे लागल्यावरही एखादा प्रेक्षक खुर्चीतच बसून राहावा, तसे.

सोमवारी तिने साहेबांपुढे मूळ यादी आणि ते पत्र ठेवलं. साहेब वैतागले. "तळवडेकर... तुमचे कोण हे?"

"वडील."

"यादी जपून ठेवलीत म्हणून बरं. नाहीतर माझा विश्वास बसला असता का?" असं म्हणत त्यांनी पत्र फाडलं. "उद्यापासून येऊ दे त्यांना."

ऑफिसातली गोष्ट संध्याकाळपर्यंत चाळीत पोचली. श्रीपतकाका गॅलरीत कठड्याला टेकून उभे होते.

"आत्म्याचं पत्र फाडलं म्हणे?"

"काका, ते चुकून छापलं गेलं होतं."

"असेल, असेल." त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. "तेवढी माझ्या पत्रातसुद्धा एखादी चूक सापडते का बघ की, विनू. साहेब तुझं ऐकतात."

खरी गोष्ट सांगून झाली होती, आणि ती कोणाला खरी वाटत नव्हती.

मंगळवारी सकाळी आत्माराम डबा घेऊन निघाले आणि रोजच्यासारखे समोरच्या दारापाशी थांबले. दोघांनी मिळून निघायचं, ही कित्येक वर्षांची रीत. त्यांनी कडी वाजवली.

"श्रीपत."

"जा तू," आतून आवाज आला. "उशीर होईल तुला."

दार उघडलं नाही. आत्माराम जिना उतरले. विनिता मागोमाग उतरली. एरवी ती तासाभरानं निघे, आज त्यांच्याबरोबरच रिक्षात बसली. कारखान्याचं फाटक येईपर्यंत बाप एका बाजूला बघत होता, लेक दुसऱ्या.