मधलं साल

माझ्या गाइड मॅडमनी माझ्या सहामाही अहवालावर सही करायला नकार दिला होता, ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही. मुलाखतींचं रेकॉर्डिंग मी त्यांना दोन महिने आधी नेऊन दिलं होतं. ते त्यांनी ऐकलं शेवटच्या आठवड्यात, आणि मग म्हणाल्या, सही नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. बाकी त्यांच्यासारखं माणूस मी माझ्या धंद्यात बघितलं नाही, आणि माझ्या धंद्यात मी पुष्कळ माणसं बघितली आहेत.

धंदा म्हणजे खोल्या दाखवायचा. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी बारावीला होते. भांडुपला एका एजंटाकडे चाव्या सांभाळायला लागले आणि पुढे त्याचीच निम्मी गिऱ्हाइकं घेऊन मुलुंडला स्वतःचं टेबल टाकलं. त्याने वर्षभर माझ्या नावाने शिव्या घातल्या. मीही घातल्या. बी.ए., एम.ए. बाहेरून केलं, दोन्ही वेळा इतिहास घेऊन. लोक खोलीचं भाडं विचारतात, पाणी किती वाजता येतं ते विचारतात. मी त्या खोलीत आधी कोण राहून गेलं ते विचारायची. जुन्या भाडेपावत्या, पागडीचे करार, कुणाच्या नावावर काय होतं, ते कुणाच्या नावावर कसं गेलं, हे वाचताना माझा चहा गार व्हायचा. नवरा म्हणायचा, "तू खोल्या विकतेस की त्यांची पत्रिका बघतेस?"

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा झाली आणि मुलाखतीला बोलावलं. एका सरांनी माझा अर्ज वाचून विचारलं, "इस्टेट एजंटला डॉक्टरेट कशाला हवी?" मी म्हटलं, "सर, इथे बसलेल्यांपैकी भाड्याचे जुने करार माझ्याएवढे कोणी वाचलेत ते सांगा, मी उठून जाते." टेबलाच्या कडेला एक बारीक बाई बसल्या होत्या, त्या तेवढ्या हसल्या. त्याच माझ्या गाइड झाल्या.

मॅडम बोरीवलीच्या. पहिल्या भेटीला मी माझा विषय घेऊन गेले. 'मुंबई उपनगरांचा सामाजिक इतिहास, इंग्रजांच्या काळापासून आजपर्यंत.' मला वाटलं, खूश होतील.

"एवढं कोण लिहिणार आहे?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"मेलीस तरी होणार नाही. एक बाजू घे."

मी म्हटलं, मध्य रेल्वेची उपनगरं घेते. त्या म्हणाल्या, जास्त आहे. मी घाटकोपर ते मुलुंड केलं. त्या म्हणाल्या, भांडुप. मी म्हटलं, भांडुप आणि मुलुंड, मुलुंडला माझी ओळख आहे. त्या म्हणाल्या, "ओळख आहे म्हणूनच नको." मग काळावरून तसंच. मग लोकांवरून. तासाभराने माझ्या हातात उरलं ते एवढं: कोकणातून आलेल्या कामगारांनी भांडुपच्या चाळींत पाणी कुठून भरलं, विहिरीपासून नळापर्यंत. मी सगळी मुंबई सांगितली होती आणि बाईंनी मला पाण्याच्या हंड्यावर आणून सोडलं. आणि आवाज एकदाही वाढवला नव्हता. बाहेर पडताना मला राग आला होता, पण हेही कळलं होतं की इतकी सरळ घासाघीस मी आयुष्यात केलेली नाही. कमी करताना त्या प्रत्येक वेळी कारण देत होत्या. आमच्याकडे कारण कोणी देत नाही.

मग फेलोशिप. राज्यातल्या एका संस्थेची होती. अट अशी की पूर्ण वेळ संशोधन करायचं, दुसरं उत्पन्न ठेवायचं नाही, तसं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं. दर सहा महिन्यांनी गाइडच्या सहीचा प्रगती अहवाल. तो वेळेवर पोचला तर हप्ता, नाही पोचला तर हप्ता बंद, आणि बंद राहिला तर फेलोशिप गेली असं धरायचं. मी दुकानाचं शटर खाली ओढलं. नवरा बस चालवतो, त्याच्या पगारात घर चालतं पण माझी पीएच.डी. चालत नाही. म्हणजे हिशेब साधा होता. फेलोशिप गेली तर शटर वर, आणि शटर वर गेलं की प्रबंध संपला. परत उघडलेलं दुकान दुसऱ्यांदा बंद करणाऱ्यातली मी नाही.

कोर्सवर्कला माझ्या बाजूला माझ्या भाचीच्या वयाची पोरं. संशोधन पद्धती, संदर्भ कसे द्यायचे, दुसऱ्याची वाक्यं उचलली तर मशीन कसं पकडतं. पोरं कंटाळायची. मला मजा यायची. प्रत्येक वाक्याला खाली टीप, हे तुला कुठून कळलं ते सांग. आमच्या धंद्यात जर अशी पद्धत असती तर निम्मे एजंट वडापावच्या गाडीवर असते.

दुसऱ्या वर्षी मी एका चाळीतल्या विहिरीवर आले. चाळ कुठली ते इथेही सांगत नाही, माणसांच्या ओळखीच्या खुणाही बदलल्यात, कारण पुढे कळेल. विहीर आता नाही, बुजवली. कधी बुजवली याचा कागद कुठेच मिळेना. तिथे दोन भाऊ राहतात, दोघेही सत्तरीच्या पुढचे, मूळ मालवणकडचे. थोरले पुढच्या खोलीत, धाकटे मागच्या. थोरले म्हणाले, त्यांची मुलगी रांगायला लागली तेव्हा विहीर होती, पोर तिकडे जाईल म्हणून दाराला आडवी फळी लावायचे. धाकटे म्हणाले, छे, त्यांच्या लग्नाआधीच बुजवली. दोघांत सात-आठ वर्षांचा फरक.

मी काय करावं? मी दोघांना एका खाटेवर बसवलं, चहा मागवला, रेकॉर्डर चालू ठेवला आणि कामाला लागले.

"काका, तुम्ही जरा मागे या. नक्की रांगतच होती का मुलगी? की पोटात होती?"

"आता इतका कोण ध्यानात ठेवतलो," थोरले म्हणाले.

"धाकटे काका, तुम्ही जरा पुढे या. लग्नाआधी म्हणजे अगदी आधी, की त्याच सुमाराला?"

"त्याच सुमाराला म्हण."

आणखी एक चहा झाला. शेवटी दोघे एका सालावर आले, बरोब्बर मधल्या. दोघांनी माना हलवल्या. थोरले म्हणाले, "होय, जाव दे, तसाच लिव." मी घरी जाऊन लिहिलं: विहीर अमुक साली बुजवली. खाली टीप, दोन मुलाखती. एवढा सुंदर सौदा जुळल्यावर मला दलाली घेतल्यासारखं वाटलं.

अहवाल शुक्रवारी पोचायचा होता. सोमवारी मॅडमनी बोलावलं. टेबलावर त्यांचा मोबाइल आणि कानातली वायर. त्यांनी मला तो भाग ऐकवला, तुम्ही मागे या, तुम्ही पुढे या. मी अभिमानाने ऐकत होते.

"हे साल कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"दोघांनी."

"एकाने हे सांगितलं, दुसऱ्याने ते. मधलं कोणी सांगितलं?"

"दोघं कबूल झाले ना मॅडम."

"कबूल झाले. पाहिलं कोणी?" मग म्हणाल्या, "अगं, विहीर त्या दोघांपैकी एकाने सांगितल्या साली बुजली असेल. किंवा दोघांपैकी एकाच्याही साली बुजली नसेल. पण तू लिहिलंस ते एकच साल असं आहे की त्या साली ती बुजली असं म्हणणारा जगात एकही माणूस नव्हता. तू त्यांना तयार केलंस."

मी म्हटलं ठीक आहे, दुरुस्त करीन. आत्ता सही द्या.

"दुरुस्त कर, मग सही."

"शुक्रवार आहे मॅडम. निम्मं काम बरोबर आहे ना? निम्म्यावर तरी करा. बाकीचं पुढच्या अहवालात."

"निम्मी सही कशी असते?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "रेकॉर्डिंग दोन महिन्यांपूर्वी दिलं होतं. तेव्हा ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. तुमचा पगार एक तारखेला होतो, म्हणून तुम्हाला शुक्रवार काय ते कळत नाही."

विभागातली दोन पोरं दारात थांबली होती, ती निघून गेली. मॅडम म्हणाल्या, "ऐकायला उशीर केला, ती चूक माझी. म्हणून शुक्रवारी मी फेलोशिपचं काउंटर बंद होईपर्यंत इथे बसते. जेवायला पण जाणार नाही. तू घेऊन ये."

भांडणाऱ्या माणसापुढे एवढ्या सरळपणे चूक कबूल करणं हा फार वाईट डाव आहे.

मंगळवारी मी परत गेले, यावेळी एकेकट्याकडे. थोरल्यांना विचारलं, "काका, नक्की काय ते सांगा, मी मध्ये बोलणार नाही." त्यांनी तीच फळी, तीच मुलगी सांगितली. मग दाराकडे बघून हळूच विचारलं, "तुज्या ह्या पुस्तकाची झेरॉक्स बिल्डराकडे चालता काय गो?"

मी मागच्या खोलीत गेले. धाकट्यांनी तीच लग्नाआधीची गोष्ट सांगितली, आणि निघताना म्हणाले, "छापून आलं की मला एक कॉपी दे. सही-शिक्क्याची."

आता मात्र मी पायरीवर बसून हिशेब मांडला. चाळ पाडून टॉवर होणार आहे. धाकट्यांची खोली विहीर बुजवलेल्या जागेवर आहे. विहीर आधी बुजली असेल तर खोली जुनी, बिल्डरच्या मुदतीआधीची, म्हणजे त्यांना वेगळा फ्लॅट. नंतर बुजली असेल तर खोली नवी, म्हणजे ती जागा थोरल्यांच्या खोलीत धरायची आणि एकच मोठा फ्लॅट, तोही थोरल्यांच्या नावावर. दोघेही मला साल सांगत नव्हते, भाव सांगत होते. माझ्या टेबलासमोर बसून कोणी हे बोललं असतं तर चहा यायच्या आत मी ओळखलं असतं. पण हातात रेकॉर्डर आला आणि मी विद्यार्थिनी झाले, आणि विद्यार्थिनी होऊन एजंटाचं काम केलं. उलटं करायला हवं होतं.

बुधवार-गुरुवार लिहून काढलं. थोरले काय म्हणतात, धाकटे काय म्हणतात, कोणाला कशात फायदा आहे, आणि साल माहीत नाही. 'माहीत नाही' हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी गिऱ्हाइकाला हे शब्द कधी म्हटलेले नाहीत.

शुक्रवारी दुपारी मॅडमच्या खोलीत गेले. डबा टेबलावर न उघडता होता. त्यांनी पानं घेतली आणि वाचायला लागल्या, एकेक ओळ, पेन्सिल हातात. मी घड्याळ बघत होते. फेलोशिपचं ऑफिस रिक्षाने वीस मिनिटांवर, ट्रॅफिक नसला तर. मी म्हटलं, "मॅडम, नंतर वाचा ना." त्या पान उलटत राहिल्या.

शेवटी म्हणाल्या, "हे छान पकडलंस. पण फायद्याचं लिहिलंयस ते त्यांना वाचून दाखवलंस?"

"नाही."

"फोन कर."

मी तिथूनच फोन केला. थोरले म्हणाले, लिव, माका काय. धाकटे म्हणाले, "खोलीचं नको लिहू गं. मरेपर्यंत भावाशेजारी राहायचं आहे." मी मॅडमकडे बघितलं. तो परिच्छेद म्हणजे माझ्या अख्ख्या प्रकरणातला एकमेव झकास परिच्छेद होता. त्याच्यामुळे मुलाखत समितीतल्या त्या सरांचं तोंड बंद झालं असतं.

"त्यांना नको आहे," मी म्हटलं. "पण ते घातल्याशिवाय हे सगळं लंगडं दिसतं. नाव बदलते, चाळ बदलते."

"चाळीतले लोक ओळखणार नाहीत?"

ओळखणार होते. मी पेन्सिल घेतली आणि परिच्छेदावर आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, दोन्ही साक्षी जुळत नाहीत, साल अनिश्चित. मॅडमनी ते वाचलं आणि सही केली, तारीख घातली, शिक्का स्वतः ड्रॉवरमधून काढून मारला. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते मी उलट्या बाजूने वाचलं.

"समाधानकारक? एवढंच?"

"मग काय हवं होतं?"

"उत्तम."

"उत्तम शेवटच्या अहवालाला."

"चांगली तरी लिहा. 'प्रगती चांगली.' तुमचं काय जातंय?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं, डबा पुढे ओढला आणि म्हणाल्या, "तू इथे भांडत बसलीस तर काउंटर बंद होईल."

रिक्षावाल्याला मी मीटरवर वीस रुपये जास्त कबूल केले, आयुष्यात पहिल्यांदा न विचारता. अहवाल घेणारा माणूस उठायच्या बेतात होता. त्याने शिक्का मारून पोच दिली. हप्ता उशिरा आला, पण आला, आणि शटर खालीच राहिलं. त्यानंतरच्या दोन्ही अहवालांवरही मॅडमनी 'समाधानकारक'च लिहिलंय. दोन्ही वेळा मी वाद घातला. शेवटच्या वेळी त्या 'चांगली'पर्यंत येता येता राहिल्या, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.