मायच्या वाट्याचं बसणं

मावशींच्या घरात फोन वाजायचा आणि मावशी शेंगा सोलत राहायच्या. पहिल्यांदा मी तो ऐकला तेव्हा उचलायला धावले होते. "बस खाली," त्या म्हणाल्या. "त्याले काम असंल तर पुन्हा वाजंल." हे सांगणारी बाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होती. सगळी तरुण वर्षं तिनं आर्वीच्या एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून, दुसऱ्यांचे अर्जंट कॉल जोडण्यात घालवली होती. "सगळेच ओरडत, अर्जंट हाय, अर्जंट हाय," त्या सांगायच्या. "अन् ज्याचं खरंच अर्जंट राहे, त्याच्या तोंडातून शब्दच नाई निघे."

नोकरी संपल्यावर त्यांनी नालवाडीत, आमच्याच गल्लीत घर घेतलं. साधं, दोन खोल्यांचं, सिमेंटचं. शेजारच्या घरांसारखंच. पण आत गेलं की पाय आपोआप हळू पडायचे. खिडक्यांना जुन्या सुती लुगड्यांचे पडदे, पलंगावर हातानं शिवलेली वाकळ, फळीवर लोणच्याच्या बरण्या. समोर चार पावलांची माती होती. गल्लीत प्रत्येकानं ती जागा फरशीखाली गाडली होती. मावशींनी तिथं अंबाडी पेरली, कढीपत्ता लावला आणि वालाचा वेल थेट गच्चीपर्यंत चढवला. आणि दारासमोर होता ओटा. संध्याकाळी चारनंतर मावशींना भेटायचं तर तिथंच.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा चळवळीतले, त्यामुळे आमच्याकडे पलंगाखाली गठ्ठे, माळ्यावर गठ्ठे. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली आणि पुढच्या बाजूवरून वाचायला शिकले. पुढं स्वतः लिहू लागले तेव्हा पहिलं पत्रक वाटायला गल्लीत निघाले. सगळ्यांनी घेतलं, घडी घातली आणि खिशात टाकलं. मावशींनी हातच पुढं केला नाही. "वाचून दाखव," म्हणाल्या. मी उभ्यानं वाचू लागले. "बसून वाच. उभ्यानं वाचते तो मानूस पळून जाते." मी बसून वाचलं. तिसऱ्या वाक्यावर त्यांनी हात वर केला. "हे पुन्हा वाच. तुले तरी समजलं काय?" त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रक' झाले. "आली का पत्रक? ये, चहा घे. आज कोनाले खाली खेचून राह्यली?"

मला राग यायचा. त्यांचा नाही, त्या जगण्याचा. तेव्हा रविवारच्या पुरवण्यांत संथ जगण्याचे लेख येऊ लागले होते. मातीची भांडी, वेताच्या टोपल्या, बंगल्याच्या अंगणात चूल. मी एकदा तसलं पान त्यांच्यासमोर आपटलं. म्हटलं, मावशी, हळू जगणं ही ज्यांची पोटं भरली आहेत त्यांची चैन आहे. आपल्या आज्या चुलीपुढं खोकून मेल्या, आणि हे त्याच चुलीचे फोटो काढतात.

मावशींनी फोटो नीट पाहिला. "चूल माह्या घरी नाई येनार," म्हणाल्या. "धूर माह्या मायनं खाल्ला तेवढा पुरे." खरंच, त्यांच्याकडे गॅस होता, मिक्सर होता आणि कपडे धुण्याचं मशीन होतं. मशीनचा तर त्यांना भारी अभिमान. ते घरघरत असताना त्या बाजूला बसून वाकळ शिवायच्या. "ते धुते, मी बसते." मग सुई थांबवून त्यांनी मला जे सांगितलं, ते मी कुठल्याच पत्रकात वाचलं नव्हतं. "माही माय दुसऱ्याच्या वावरात निंदाले-खुरपाले जाये. घरी आली की पानी, सरपन, भाकरी. तिले बसलेली मी पाह्यलीच नाई. बसली की कोनी ना कोनी म्हने, काऊन वो, काम नाई का? मले नोकरी भेटली, पेन्शन भेटली. आता मी मायच्या वाट्याचं बसून राह्यली. याले चैन म्हन नाईतर हक्क म्हन. लिहिनारी तू हाय."

मी हक्क म्हणते. तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. विश्रांती ही उरलेल्या वेळाची गोष्ट नसून न्यायाची गोष्ट आहे, हे मी त्या ओट्यावर शिकले. म्हणूनच ओट्यावर गदा आली तेव्हा मी पेटून उठले.

झालं असं. समोरच्या राऊतकाकूंच्या छातीत एका दुपारी कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण गल्लीच्या तोंडाशीच अडकली. दोन्ही बाजूंचे ओटे रस्त्यावर आलेले. काकूंना सतरंजीवर घालून चौघांनी उचलून नेलं. काकू वाचल्या. पुढच्या रविवारी गल्लीची बैठक भरली आणि रस्त्यावर आलेले सगळे ओटे पाडायचं ठरलं. बैठकीत सगळ्यांत मोठ्यानं बोलले ते नवी गाडी घेतलेले दोघं. मी घरी आले आणि एका दमात पत्रक लिहिलं. मोटारवाल्यांच्या सोयीसाठी माणसांच्या बसायच्या जागा उद्ध्वस्त होऊ देणार नाही, असा मथळा.

मावशींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही हात वर केला नाही. मला वाटलं, जिंकले. मग त्या म्हणाल्या, "लय जोरात हाय. पन यात राऊतबाई कुठी हाय?"

राऊतकाकू त्यात नव्हत्या. मोटारवाल्यांबद्दल मी लिहिलेलं एकही अक्षर खोटं नव्हतं, पण पत्रक अर्धं होतं. दुसऱ्या दिवशी मावशींनी गवंडी बोलावला आणि गल्लीत सर्वांत आधी स्वतःचा ओटा पाडला. मोटारवाला शेजारी खूश होऊन म्हणाला, "वा मावशी, गाडीले मस्त जागा झाली!" मावशी म्हणाल्या, "गाडीले नाई पाडला, बापा. राऊतबाईले पाडला. इथं गाडी उभी दिसली तं तिच्या टपावर पापड वाळू घालीन."

गल्ली हसली, आणि ओटे गेले. चार वाजता लोक दारं लावून टीव्हीसमोर बसू लागले. राऊतकाकू काठी टेकत यायच्या, रिकाम्या जागेकडे पाहायच्या आणि परत जायच्या. मला वाटलं, हरलो.

आठवडाभरानं तोच गवंडी पुन्हा आला. या वेळी त्यानं मावशींच्या हॉलची समोरची भिंत पाडायला घेतली. वरचा बीम तेवढा ठेवला. आमच्या गल्लीत आजवर प्रत्येकानं जुना ओटा आत घेऊन हॉल मोठा केला होता आणि नवा ओटा रस्त्यावर काढला होता. गवंड्यालाही राहवलं नाही. "बाई, तुमी उलटंच करून राह्यल्या. हॉलचा ओटा?"

"हॉलात कोन येते? बेल वाजवनाराच," मावशी म्हणाल्या. "ओट्याले बेल नाई लागत. पाड."

सोफा वस्तीच्या बुद्धविहारात गेला. मावशींचं घर आता आतली एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा आणि छपराखालचा भलामोठा ओटा एवढंच उरलं. मावशींचं घर पुढं ज्याला जाणार होतं, त्या पुण्याच्या पुतण्याला कुणीतरी फोटो पाठवला. फोन वाजू लागला. वाजत राहिला. मावशी राऊतकाकूंच्या पाठीशी उशी लावत होत्या. "वाजू दे," म्हणाल्या. "घराची किंमत कमी झाली म्हनंल. अर्जंट नाई."

गेल्या थंडीत मावशी गेल्या. फार दुखणं नाही. दुपारी वाकळ शिवताना झोप लागली, ती मोडलीच नाही. विहारात वंदना झाली, माणसं पांगली आणि पुतण्या घराचं पाहायला थांबला. ओट्याला शटर लावून मोबाइलच्या दुकानाला द्यायचं त्यानं ठरवलं होतं. शटरवाला टेप घेऊन आला तेव्हा नेमके चार वाजले होते.

राऊतकाकू आल्या. "सरक बेटा," म्हणून पुतण्याच्या शेजारी बसल्या. मागून आणखी दोघी आल्या. वेल वालानं लगडला होता. मी शेंगा तोडून सूप भरलं आणि मधे ठेवलं. कुणी भाषण केलं नाही. पत्रकही नव्हतं. काकूंनी मूठभर शेंगा पुतण्याच्या हातात दिल्या, तो सोलू लागला. शटरवाला टेप धरून उभाच. शेवटी म्हणाला, "साहेब, माप कुठून घ्यायचं? इथं तर बाया बसून आहेत."

पुतण्यानं वर पाहिलं. "मग तुम्हीही बसा," तो म्हणाला.

माप घेतलंच गेलं नाही. आतली खोली मी भाड्यानं मागितली, ओट्यासकट आणि वेलासकट. तो हो म्हणाला.

आता चार वाजता मी तिथं असते. लिहिलेलं आधी राऊतकाकूंना वाचून दाखवते, बसून. काकू मावशींसारखाच हात वर करतात. परवा मोटारवाला शेजारी जाता जाता म्हणाला, "काऊन वो, काम नाई का आज?"

"आहे ना," मी म्हटलं. "मावशीच्या मायच्या वाट्याचं अजून बरंच बसायचं बाकी आहे."