निळा दोरा आणि दोन अक्षरं

…तर त्या वकिलाच्या कोटाचं सांगत होतो. शाईचा डाग, तोही बरोबर छातीवर, आणि वकील काउंटरवर मूठ आपटून म्हणतोय, "उद्या मला कोर्टात उभं राहायचंय!" लॉन्ड्रीवाल्या कडकरावांनी कोट उजेडात धरला, उलटा केला, डागावरून अंगठा फिरवला, नाकाजवळ नेऊन हुंगला. इतक्यात शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं डब्यातून निळा दोरा काढून कोटाच्या काजात बांधलासुद्धा. गाठ मारून ती गोड हसली आणि म्हणाली, "जेवढं होईल तेवढं करू हं, वकीलसाहेब." वकील खूश होऊन गेला आणि इकडे नवरा-बायकोची जुंपली.

"एवढ्यात दोरा? अजून हातसुद्धा लावला नाही मी!"

"हात लावलात की भोक पडेल. शिक्षिकेच्या रेशमी ब्लाउजचं काय केलंत, आठवतंय ना?"

हा त्या दुकानाचा कायदा होता आणि तो बायकोनं केलेला होता. निळा दोरा म्हणजे हा डाग जायचा नाही. आत यंत्रांपाशी राबणाऱ्या माणसांनी समजून घ्यायचं की आता घासाघास बंद. घासलं तरी डाग राहतोच, वर कापड विरतं. साध्या पाण्यातून काढा, वाफ द्या, सुरेख इस्त्री करा आणि कपडा मानानं घरी पाठवा. दोऱ्याचा डबा बायकोच्या ताब्यात असे, कारण कडकराव भलते हट्टी. डाग दिसला की यांचं डोकं फिरलंच. मग लिंबू काय, सोडा काय, ब्रश काय! ती म्हणायची, "तुम्ही डागाशी भांडायला जाता आणि मारता कापडाला."

कडकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण स्वतःच्या शर्टाची कॉलर ते अशी खळ लावून उभी करत, की कुणी हाक मारली तर मान वळायची नाही, अख्खा माणूस वळायचा. पोस्टमनसुद्धा खरं नाव विसरला होता.

अशा या घरात आजार आला तोही कपड्यांच्या वाटेनं. बायकोला एकदम सगळे कपडे कमरेला घट्ट व्हायला लागले. ती नवऱ्यावरच घसरली, "तुमच्या त्या नव्या मशीननं माझे कपडे आटवले." कडकरावांनी मशीन उघडलं, झाडलं, पुसलं, गरम हवा कमी केली. पोट वाढतच राहिलं. पुढं तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की मशीन बिचारं निर्दोष होतं. अंडाशयाचा कर्करोग, आणि तोही बराच आत शिरलेला.

ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं सुरू झाली. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. ती येऊन-जाऊन असायची. जाताना तिनं बाबांच्या फोनवर एक गट जोडून दिला. अशाच आजाऱ्यांच्या घरच्या माणसांचा. तिथं खरं नाव कुणी लावत नसे. कुणी "गच्चीवरचा", कुणी "मामाची लाडकी". हे झाले "कडक".

गटात पहिला निरोप वाचला आणि कडकरावांनी चष्मा पुसला. कुणीतरी लिहिलं होतं, "आईचं डीएक्स झालं, टीएक्स सुरू, मेट्स नाहीत, एसओबी आहे." यांना वाटलं, बसचे नंबर असावेत. त्यांनी सरळ विचारलं, "इथं मराठीत कोण बोलतं का?"

उत्तर आलं "जुनी खुर्ची" नावाच्या बाईंकडून. या बाईंचा नवरा कर्करोगानंच गेलेला. तो गेल्यावरही त्या गट सोडून गेल्या नव्हत्या. नव्यानं दारात आलेल्याला बसायला जागा करून द्यायची, हे काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्यांनी समजावलं, "दादा, डीएक्स म्हणजे निदान. टीएक्स म्हणजे उपचार. मेट्स म्हणजे रोग दुसरीकडे पसरणं. एसओबी म्हणजे धाप. डॉक्टरांना घाई असते म्हणून ते असं लिहितात. आपल्याला पूर्ण शब्द लिहवत नाहीत म्हणून आपणही तसंच लिहितो."

कडकराव लवकर शिकले. इस्त्री फिरवता फिरवता फोन काउंटरला टेकवून ठेवायचे. त्या गटात एक रीत होती. प्रत्येकानं आपल्या नावाखाली एक ओळ लिहायची, म्हणजे कुणाचं काय चाललंय ते बाकीच्यांना विचारावं लागत नसे. पहिली औषधं संपली, तपासणी झाली आणि कडकरावांनी ओळ लिहिली, "बायको. अंडाशय. ऑपरेशन झालं. एनईडी."

एनईडी म्हणजे तपासणीत रोग कुठंच दिसत नाही. जुन्या खुर्चीनं तेव्हाच बजावलं होतं, "दिसत नाही एवढंच, दादा. गेला असं नाही." पण माणूस आपल्याला हवं तेवढंच वाचतो. त्या दिवशी दुकानात येईल त्याला कडकराव सांगत होते, "आमचं एनईडी झालं!" दूधवाल्यानं तर "मुलगी झाली का मुलगा?" म्हणून विचारलं. बायको हसून हसून खुर्चीत कलंडली. डोक्यावर तिच्या नुकते केस उगवायला लागले होते, पिल्लासारखे. कडकराव येता-जाता त्यावरून हात फिरवत आणि ती हात झटकून म्हणे, "अहो, हे काय लोकरीचं कापड आहे का?"

त्या दिवसांत तिच्या मनात एकच गोष्ट होती. तिला ताईकडे जायचं होतं. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, समुद्राकाठच्या गावी राहणारी, प्रवास न झेपणारी. ताईला ऐकू येत नसे. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायची, आणि धाकटीचे ओठ तर ती अंधुक उजेडातही वाचायची. त्यामुळे फोनचा उपयोग शून्य, आणि चिठ्ठ्यांनी दोघींचं भागत नसे. दोघींना बोलायचं तर समोरासमोर बसावं लागे.

"मला ताईशी बोलायचंय," ती म्हणायची. "आजारी पडल्यापासून धड बोलणं नाही झालं."

"जरा ताकद येऊ दे," कडकराव म्हणायचे. "ठणठणीत होऊन जा. ताईला कशाला हा अवतार दाखवायचा?"

ताकद यायची होती तेवढ्यात रोगच परत आला. पुन्हा सलाईनमधून औषध सुरू झालं. नव्या तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी खाली दोनच अक्षरं लिहिली होती, पीडी. बायको आत सलाईन लावून पडली होती. कडकराव बाहेरच्या बाकावर कागद धरून बसले. त्या अक्षरांचा अर्थ आता त्यांना कुणाला विचारायला नको होता. गटातल्या किती ओळींत त्यांनी ती वाचली होती, आणि त्या ओळींचं पुढं काय होतं तेही पाहिलं होतं. पीडी म्हणजे औषध चालू असताना रोग पुढे सरकला.

डॉक्टर बाहेर आले. भला माणूस. म्हणाले, "अजून एक औषध आहे. फायदा होण्याची आशा थोडी, त्रास मात्र होईल. नाहीतर औषध थांबवून फक्त दुखणं आवरायचं, घरी आरामात ठेवायचं. दोघं बसून ठरवा. त्यांनाही विचारा."

"विचारतो," कडकराव म्हणाले.

आत गेले. बायकोनं डोळे उघडले. "काय म्हणाले?"

"औषध बदलतायत. आधीचं जरा जुनं झालं होतं म्हणे."

"म्हणजे चांगलंच ना?"

"चांगलंच की!"

झालं. दोघांचा निर्णय एकट्यानं झाला. आणि गटातल्या नावाखाली ओळ तशीच, "एनईडी". खोटी ओळ ठेवायची नाही असा तिथं अलिखित नियम, कारण नवी माणसं त्या ओळी वाचून धीर धरत. पण कडकरावांचं बोट त्या ओळीपर्यंत जाई आणि परत येई. जुन्या खुर्चीच्या ते लक्षात आलं. तिनं चारचौघांत न विचारता एकट्यालाच लिहिलं, "दादा, हल्ली तुम्ही पीडीवाल्यांचेच निरोप वाचता. वहिनी कशा आहेत?"

कडकरावांनी लिहिलं, "मजेत."

नवं औषध सुरू झालं आणि त्यानं खरोखर ब्रश घेऊन घासायला सुरुवात केली. तळहात सोलले. तोंडात फोड आले. पाण्याचा घोटसुद्धा तिला डोळे मिटून घ्यावा लागे. कडकराव बर्फ फोडून तिच्या ओठांवर फिरवत, आणि पुन्हा म्हणत, "एवढा डोस गेला की बघ, फरक पडेल." ती ऐकून घेई. ताईचं नाव काढेनाशी झाली होती. ते त्यांना बरं वाटलं. बरं वाटलं, म्हणजे बघा.

एक दिवस दुपारी ती म्हणाली, "मला दुकानात बसायचंय." घर दुकानाच्या मागेच. त्यांनी तिला धरून आणलं, तिच्या जुन्या जागेवर उशी ठेवून बसवलं. गिऱ्हाईक नव्हतं. आत यंत्र घरघरत होतं. कडकराव एका पडद्याला इस्त्री करत होते, मुद्दाम मोठ्यानं बडबडत होते. कुणा प्राध्यापकानं पँटच्या खिशात चॉकलेट ठेवून पँट धुवायला कशी टाकली, त्याची गोष्ट. त्यांनीच सांगितली, तेच हसले. ती हसली नाही म्हणून त्यांनी वळून पाहिलं. कॉलर कडक असल्यामुळे अख्खेच वळले.

तिनं डबा उघडला होता. अंगातल्या स्वेटरच्या वरच्या काजात ती निळा दोरा ओवत होती. बोटांची कातडी गेलेली, गाठ काही बसेना.

"अगं, काय करतेस?"

"गाठ मारून द्या," ती म्हणाली. बोलताना तिला दुखत होतं, म्हणून शब्द हळू येत होते. "इतकी वर्षं मीच बांधत आले. तुमच्यानं कधी जमलं नाही."

कडकरावांच्या हातातली इस्त्री पडद्यावर तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा आतल्या माणसानं धावत येऊन ती उचलली, दोघांकडे पाहिलं आणि आत गेला.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? हे माझं अंग आहे ना? कापडाला कळत नाही होय, कधी विरायला लागलं ते?" ती थांबली, श्वास घेतला. "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. ताईकडे जाऊ या म्हणाल, म्हणून."

कडकराव खाली बसले, तिच्या पायांशी, जमिनीवर. मग त्यांनी ती दोन अक्षरं तिला सांगितली. बाकावर बसून काय वाचलं, डॉक्टर काय म्हणाले, आपण तिला न विचारता काय ठरवलं, सगळं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त स्वेटर पुढं केला. त्यांनी गाठ मारली. आयुष्यातली पहिली.

औषध बंद झालं. मुलगी आली. डॉक्टरांनी दुखणं आवरायची औषधं बांधून दिली आणि गाडी ताईच्या गावाकडे निघाली. वाटेतच तिचे ओठ पार सुजले. औषध थांबलं तरी त्याची आग मागे राहिली होती.

ताई दारातच उभी होती. तिनं बहिणीला जवळ घेतलं, खिडकीपाशी बसवलं आणि खुर्ची ओढून अगदी समोर बसली, नेहमीसारखी, गुडघ्याला गुडघा लावून. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग धाकटी बोलायला लागली. आवाज नव्हताच, पण ताईला आवाज कधी लागलाय? तिला ओठ लागत. आणि ओठ हलतच नव्हते. सुजलेल्या, चिरलेल्या कातडीतून एकही शब्द आकार घेत नव्हता. ताई पुढं वाकली. तिनं बहिणीचा चेहरा उजेडाकडे वळवला. पुन्हा पाहिलं. धाकटी काहीतरी लांबलचक सांगत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, मधेच हसल्यासारखंही करत होती. मुलीनं पेन आणून आईच्या हातात दिलं. सोललेल्या बोटांतून ते निसटलं.

शेवटी ताईनं कडकरावांकडे पाहिलं. "काय म्हणतेय ती? तुम्हाला कळतंय का?"

काहीतरी जुळवून सांगणं सोपं होतं. इतके महिने त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी मान हलवली आणि ताईला नीट दिसेल असं ओठ हलवून म्हणाले, "नाही, ताई. मला नाही कळलं."

ताईनं बहिणीचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ती तशीच बसून राहिली. पुढचे थोडे दिवस दोघी तशाच बसत. त्याच खिडकीपाशी धाकटी गेली. स्वेटर अंगात होता. दोरा कुणी सोडला नाही.

दुकान काही काळ बंद राहिलं, मग उघडलं. कडकराव आता खळ लावत नाहीत. मान वळते. दोऱ्याचा डबा त्यांच्या हाताशी असतो आणि डाग बघून दोरा ते स्वतः बांधतात. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात, "हा जाणार नाही. पण कपडा छान करून देतो." काही गिऱ्हाइकं चिडून समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

गटातली ओळ त्यांनी बदलली. तिथं आता एकही आखूड अक्षर नाही. "माझी बायको गेली" एवढंच. गट मात्र सोडला नाही. जुनी खुर्ची आता थकली आहे, सगळ्यांना उत्तरं देणं तिला होत नाही. मागे एक नवी बाई आली, नाव "पायरी". नवऱ्याच्या कागदावर पीडी लिहिलंय, याचा अर्थ काय, आणि तो सारखा विचारतोय तर त्याला काय सांगू, असं तिनं विचारलं होतं. कडकरावांनी इस्त्री उभी करून ठेवली, चष्मा लावला आणि उत्तर लिहिलं:

"पायरीताई, पीडी म्हणजे औषध चालू असताना आजार पुढं गेला. मी लॉन्ड्रीवाला आहे, पुढं कोणतं औषध घ्यावं ते मला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. पण तो विचारतोय तर त्याला खरं सांगा. आणि त्याला कुणाशी बोलायचं राहिलंय का ते विचारा, बोलता येतंय तोवर. माझी बायको तिच्या बहिणीला शेवटी काय म्हणाली ते आम्हाला कुणालाच कळलं नाही."