लॅपटॉपला गोधडी शिवली, त्याची ही सहल

पंधरवडाभर लेकीचा लॅपटॉप तव्यासारखा तापायचा आणि मध्येच बंद पडायचा. प्राची घरूनच मुंबईच्या ऑफिसचं काम करते. साहेबाने दम दिला, अजून एकदा मीटिंगमधून गायब झालीस तर इकडे येऊन बस. माझा नवरा आधीच मुंबईला. लेकही गेली तर मी काय भिंतींशी भांडू? सोमवारी मीटिंग, म्हणून शनिवारी सकाळीच पूर्णगडहून रत्नागिरीची एसटी धरली.

खिडकी डावीकडची धरा, समुद्र दिसतो. मी कुठली बघतेय! पावसपासून भाट्याच्या पुलापर्यंत प्राचीला झापत होते.

"रात्रंदिवस सिनेमे बघ, मग असंच होणार."

"आई गो, गप की. लोक बघतायत."

"बघू देत."

स्टँडजवळ मिसळ खाल्ली. पाव शिळा होता, पण उपाशी जाऊ नका, दुकानात दीड तास मोडतो. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडला आणि चिमट्याने पंख्यातून निळा बोळा काढला. मी लगेच ओळखला. माझ्या जुन्या साडीचा! आमच्याकडे मिक्सर, टीव्ही, सगळ्यांना कपडे असतात. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून यालाही मी त्याच साडीच्या गोधडीचा अंगरखा शिवलेला. प्राची काढायची, मी परत चढवायचे. चालू असला तरी.

"काकी, आंब्याच्या पेट्या भरता ना?" त्याने विचारलं.

"जन्म गेला त्यात."

"मग पेटीला फटी कशाला असतात?"

"वारा खेळायला. नाहीतर आंबा आत तापून सडतो."

त्याने तो निळा बोळा माझ्यापुढे धरला. प्राची दात काढत होती.

पंखा साफ केला, आतली उष्णता ओढणारी पेस्ट सुकलेली, ती बदलली. सहाशे रुपये. वर ताकीद: गादीवर ठेवायचा नाही, खालून हवा पाहिजे, वर्षातून एकदा साफ करायचा, झाकायचा तो बंद करून थंड झाल्यावर.

घरी आल्यावर आंब्याची रिकामी पेटी उपडी घातली, लॅपटॉप तिच्यावर. सोमवारी मीटिंग दोन तास चालली. मी मध्ये मध्ये जाऊन फटीतून हात घालत होते.

"प्राची, मागे कोण आहे?" साहेबाचा आवाज आला.

"आई आहे, सर. ताप बघतेय."

लॅपटॉप बंद पडला नाही. लेक घरात राहिली. सॉरीबिरी म्हणायची मला सवय नाही. दुपारी तिच्या ताटात बांगडे दोन वाढले, माझ्यात एक.