लॅपटॉपवरची पिवळी फुली

मला राग लवकर येतो. आईच्या मते हा दोष आमच्या पेठेच्या पाण्याचा, कारण तिच्या माहेरी असलं कुणी नव्हतं. तो कुठूनही आलेला असो, त्या रागापायी माझ्या हातून एक मोलाची गोष्ट जवळजवळ निसटली होती. ती परत मिळाली म्हणून मी आजही मनातल्या मनात हात जोडते.

मी शाळेत संगणक शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी एएमव्ही करते. म्हणजे जपानी ॲनिमे मालिकांमधली दृश्यं कापायची, आवडत्या गाण्यावर बसवायची आणि आपल्यासारख्याच वेड्यांना दाखवायची. वय वर्षं पस्तीस. आई लोकांना सांगते, "कार्टूनची गाणी करत्या." स्थळ घेऊन आलेले पाहुणे ते ऐकून चहा पटकन संपवतात, तेवढा एक फायदा आहे.

पप्पा सिनेमे कापायचे. कोल्हापुरात मराठी सिनेमे बनत होते तेव्हा ते एका संकलकाचे मदतनीस होते. सायकलवरून स्टुडिओत जायचं, फिल्मची पट्टी कापायची, टेपनं जोडायची, यात त्यांची वीस वर्षं गेली. मग संगणक आले. एका नव्या माणसानं सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "मामा, तुम्हाला यातलं काय कळतंय?" पप्पा उठले ते परत गेलेच नाहीत. पुढं त्यांनी हार्डवेअरच्या दुकानात नोकरी केली. घरात त्या कामाचा विषय निघाला की ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे. हे सगळं मला आईनं सांगितलेलं. त्यांच्या तोंडून एक शब्द कधी आला नाही. आणि मी मात्र परदेशी पोरांचे व्हिडिओ बघून कापायला शिकत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

गेल्या हिवाळ्यात मी एक जुनं मराठी गाणं घेतलं. पप्पांनी काम केलेल्या एका पडलेल्या सिनेमातलं. तो सिनेमा आता कुणाला आठवत नाही, पण गाणं सकाळी रेडिओवर लागायचं आणि आई भाकरी थापताना त्यात स्वतःचे शब्द घालून म्हणायची. माझं लहानपण त्या चालीत आहे. चित्रांसाठी एक मालिका निवडली. तिच्यात समुद्राकाठच्या गावातली मुलगी रोज सायकलवरून शाळेला जाते. शहरातल्या ॲनिमेवेड्यांचा मेळावा होणार होता, तिथं हे दाखवायचं होतं.

पहिल्या रविवारी ते गाणं घरात वीसेक वेळा वाजलं. पप्पा दारात येऊन उभे राहिले. दुसऱ्या रविवारी त्यांनी खुर्ची ओढून घेतली. तिसऱ्याला माझ्या आधीच येऊन बसले. बोलले काही नाहीत. मला इतका आनंद झाला होता की मीही गप्प राहिले. मी काही बोलले असते तर ते उठून गेले असते.

चौथ्या रविवारी मी चहा आणायला स्वयंपाकघरात गेले आणि परत येऊन बघते तर लॅपटॉपच्या पडद्यावर ही मोठी पिवळी फुली! कुठल्याशा डब्यातून त्यांनी आपली मेणाची पेन्सिल शोधून काढली होती. फिल्मवर कुठं कापायचं ती खूण अशीच करतात. हाताची जुनी सवय, दुसरं काही नाही. पण फिल्मवरची खूण चित्राबरोबर पुढं सरकते, ही आपली जागच्या जागी. मुलीच्या नाकावर फुली, समुद्रावर फुली, शाळेच्या घंटेवर फुली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पप्पा! नवा लॅपटॉप हाय ह्यो! तुमाला यातलं काय कळतंय?"

शब्द तोंडातून गेले आणि ते आधी कुणी उच्चारले होते ते मला आठवलं. पप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि पडदा पुसायला लागले. मेण आणखीच पसरलं. मग पेन्सिल खिशात ठेवून ते गॅलरीत गेले.

जेवताना मी माफी मागितली. "व्हय, जेव," म्हणाले. आमच्या घरात माफीच्या पुढं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. नंतर गाणं लागलं की ते चपला घालून बाहेर पडायचे. आई म्हणाली, "इतक्या वर्सांनी मानूस खुर्ची वढून बसला हुता गं. आता मलाबी न्हाय आणता यायचं त्यास्नी."

आठवडाभर मी गाण्याला हात लावला नाही. मग शाळेत वह्यांना कव्हर घालून उरलेलं पारदर्शक प्लास्टिक दिसलं. घरी आणून पडद्याच्या मापाचं कापलं, चारी बाजूंनी चिकटवलं आणि लॅपटॉप गॅलरीत त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"अंतऱ्यात जीवच जातोय ह्याचा. का ते मला कळंना झालंय," मी म्हटलं. आणि ते खरंही होतं.

खाली तालमीजवळ पोरं मॅच जिंकून हलगी बडवत आली होती. पप्पांनी लॅपटॉप जवळ ओढला. नखानं प्लास्टिकवर टकटक केलं. मग खिशातून पेन्सिल काढली.

"परत लाव."

दुपारभर आम्ही तिथंच होतो. ते फुली मारायचे, मी जागा टिपून घ्यायची, ते पुसायचे. माझा प्रत्येक काप बरोबर ठेक्यावर होता आणि त्याचा मला अभिमान होता. "लाकडं फोडायलीस व्हय?" पप्पा म्हणाले. "ठेक्याच्या जरा आधी काप. डोळ्याला पोचायला येळ लागतो." अंतऱ्यात मी चौदा तुकडे जोडले होते. ते सगळे त्यांनी काढायला लावले. राहिलं एकच दृश्य: मुलगी सायकलवरून उतरते आणि समुद्राकडं बघत उभी राहते.

"पप्पा, एवढा येळ कोण बघंल? मोबाईल काढतील की सगळी."

"काढू देत. तिला उतरू तर दे की गं."

ती दुपार मला दिल्याबद्दल मी त्यांची किती ऋणी आहे हे मी त्यांना सांगितलेलं नाही. म्हणून इथं लिहिते.

मेळाव्याला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. अंतरा सुरू झाला. मुलगी उतरली, उभी राहिली. एकाही मोबाईलचा उजेड पडला नाही. संपल्यावर एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, ते एवढं लांब दृश्य ठेवायचं कुणाला सुचलं? मी मागं बोट दाखवलं आणि वायरी गुंडाळायला वळले, कारण पप्पा उठून जातील ते मला बघायचं नव्हतं.

थोड्या वेळानं मागून पेठेतला खणखणीत आवाज आला. "तसं न्हाय, असं धरायचं! ह्या हातात पट्टी, ह्या हातात टेप." कुणाच्या तरी वहीच्या कागदाच्या पट्ट्या फाडून पप्पा जोड कसा लावायचा ते दाखवत होते आणि सात-आठ पोरंपोरी त्यांच्याभोवती फरशीवर बसली होती. तासभर तेच चाललं. हॉलचा शिपाई किल्ल्या वाजवून दोनदा येऊन गेला. तेवढ्यात आईचा फोन आला, भात टाकू का म्हणून.

"थांब जरा," मी म्हटलं. "पप्पा बोलायलेत."

"कशाचं?"

"सिनेमा कापायचं. पोरास्नी शिकवायलेत."

पलीकडं तांदळाच्या डब्याचं झाकण परत बसल्याचा आवाज आला.

"बोलू देत," आई म्हणाली. "भात मागनं टाकूया."